परवान्याच्या हँडगनसाठी कॅलिबर आणि काडतूस: ठाणे–नवी मुंबईत निवड कशी करावी

९ मिलिमीटर कॅलिबर (नळीचा आतला व्यास) बरं की .४५ इंच, या वादावर इंटरनेटवर डोंगरभर मजकूर आहे. ठाण्यात किंवा वाशीत राहणाऱ्या परवानाधारकाला त्यातल्या बहुतेकाचा काडीचाही उपयोग नाही, कारण ही दोन्ही काडतुसं आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळतच नाहीत. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीनुसार लष्करी ९ मिमी किंवा .४५ रिमरहित (बुडाला बाहेर आलेली कड नसलेलं), तसंच .३८० आणि .४५५ रिमवालं काडतूस ज्यात बसतं आणि उडतं, ते पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर प्रतिबंधित बोरमध्ये (बोर म्हणजेच कॅलिबर) मोडतं. शस्त्र कायद्यातल्या डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर असं शस्त्र बेकायदा बाळगल्यास ७ ते १४ वर्षांची शिक्षा आहे. तेव्हा कुणी ‘नाईन एमएम जमवून देतो’ म्हणाला, तर विषय तिथेच संपवावा.

उरतं काय? प्रत्यक्षात तीनच गोष्टी: .३२ चं रिव्हॉल्वर, .३२ चं पिस्तूल आणि .२२. जुन्या आयात शस्त्रांत .२५ किंवा .३० माउझरही कधीमधी विकायला निघतात. पण खासगी आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळपास बंद आहे आणि त्या काडतुसांचा पुरवठा बेभरवशाचा आहे. शस्त्र सुंदर, पण त्यात घालायला काही नाही, असा तो सौदा. संग्रहाची हौस असेल तर ठीक, संरक्षणासाठी घेऊ नये.

आधी कागद, मग कॅलिबर

ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर हा पट्टा ठाणे पोलीस आयुक्तालयाचा. वाशी, बेलापूर, पनवेल, उरण नवी मुंबई आयुक्तालयाकडे. मीरा-भाईंदर आणि वसई-विरारचं आयुक्तालय २०२० पासून वेगळं झालं आहे. मुरबाड-शहापूरकडच्या ग्रामीण भागासाठी जिल्हादंडाधिकारी. आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना देणारा अधिकारी पोलीस आयुक्तच असतो. अर्जाचा नमुना ए-१, प्रशिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र एस-१. वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत, आणि एका व्यक्तीला आता तीन नव्हे, दोनच शस्त्रं ठेवता येतात.

कॅलिबरचा विचार करणाऱ्याने परवान्यावरच्या दोन नोंदी वाचायच्या: शस्त्राचा प्रकार, आणि काडतुसांची मर्यादा. मर्यादा दोन असतात, एका वेळी जवळ किती ठेवायची आणि वर्षात किती घ्यायची. या दुसऱ्या आकड्यावर सगळा सराव अवलंबून आहे. त्यामुळे कॅलिबर निवडताना ‘किती जोरदार’ याआधी ‘वर्षभरात मी यातून किती गोळ्या झाडू शकेन’ हा प्रश्न विचारायचा. झाडून न बघितलेलं शस्त्र कपाटातलं वजन आहे.

बत्तीस म्हणजे दोन वेगळी काडतुसं

परवान्यावर, दुकानात आणि बोलण्यात दोन्हींना ‘बत्तीस बोर’ म्हणतात, आणि सगळ्यात धोकादायक घोळ इथेच होतो.

रिव्हॉल्वरचं काडतूस म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, मेट्रिक नाव ७.६५ × २३ मिमी. ते १८९६ चं आहे. पुंगळीच्या (दारू भरलेल्या धातूच्या नळकांड्याच्या) बुडाला बाहेर आलेली ठळक कड असते, तिला रिम म्हणतात. संपूर्ण काडतुसाची लांबी सुमारे ३२ मिमी. गोळी साधारण ९८ ग्रेनची, म्हणजे ६.३५ ग्रॅम (एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम).

पिस्तुलाचं काडतूस .३२ एसीपी, मेट्रिक नाव ७.६५ × १७ मिमी. जॉन ब्राउनिंग यांची १८९९ ची रचना. लांबी सुमारे २५ मिमी, गोळी ७१ ग्रेन म्हणजे ४.६ ग्रॅम, वर तांब्याच्या मिश्रधातूचं पूर्ण कवच. याला रिम असते, पण अगदी पुसट.

दोघांचा व्यास इतका जवळ आहे की पिस्तुलाचं आखूड काडतूस रिव्हॉल्वरच्या चक्रीत (काडतुसं भरायच्या फिरत्या भागात) घुसतं आणि बऱ्याचदा उडतंही. तसं करू नये. .३२ लाँगचा अमेरिकी मानकातला कमाल दाब १५,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), .३२ एसीपीचा २०,५००. म्हणजे जुन्या रिव्हॉल्वरच्या चक्रीवर तिच्या हिशेबापेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त दाब. शिवाय पुसट रिममुळे काडतूस नीट अडत नाही आणि घोडा पडूनही कधीकधी टोपी (बुडातला ठिणगी देणारा भाग) फुटत नाही. दुकानातून बाहेर पडण्याआधी एक काडतूस हातात घ्यायचं, पट्टीवर लांबी बघायची आणि डब्यावरचं नाव शस्त्राच्या नळीवर कोरलेल्या नावाशी जुळवायचं. ‘बत्तीस द्या’ एवढं बोलून खरेदी करायची नाही.

आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत

गोळीची ऊर्जा म्हणजे वस्तुमानाचा अर्धा गुणिले वेगाचा वर्ग. .३२ लाँगची ६.३५ ग्रॅमची गोळी सेकंदाला २१५ मीटरने निघाली तर सुमारे १४७ जूल. .३२ एसीपीची ४.६ ग्रॅमची गोळी २७५ मीटरने निघाली तर सुमारे १७४ जूल. .२२ लाँग रायफलची २.६ ग्रॅमची गोळी छोट्या नळीतून २९० मीटरच्या आसपास, म्हणजे ११० जूल. तुलनेला ९ मिमी घेतलं तर ७.४५ ग्रॅम आणि ३५५ मीटरला ४७० जूल. नळी आखूड झाली की वेग घटतो. रिव्हॉल्वरमध्ये चक्री आणि नळीच्या फटीतून वायू निसटतो, तिथेही थोडा जातो. म्हणून डब्यावरचा वेग हा काडतूस बनवणाऱ्याच्या चाचणीच्या नळीचा, तुमच्या नळीचा नव्हे.

दोन बत्तिसांतला २५-३० जूलचा फरक कागदावर दिसतो. प्रत्यक्षात त्यावरून निवड करणं म्हणजे शेंगदाण्याच्या टरफलावरून भाव करणं. हँडगनची गोळी माणसाला मागे फेकत नाही. तसं असतं तर झाडणाराही मागे पडला असता, कारण धक्का दोन्हीकडे सारखाच जातो. रायफलच्या वेगाला गोळीभोवती ऊती जोरात ताणल्या जाऊन फाटतात. हँडगनच्या वेगाला ती ताणलेली पोकळी बहुतेक पुन्हा मिटते, आणि खरं नुकसान गोळीने स्वतः चिरडलेल्या मार्गापुरतं राहतं. म्हणजे दोनच गोष्टी उरतात: गोळी कुठे लागली आणि पुरेशी आत गेली का.

‘पुरेशी’ची व्याख्या अमेरिकेच्या एफबीआयने १९८६ च्या मायामीतल्या चकमकीनंतर बांधली. १० टक्के जिलेटिनचा ठोकळा, ४ अंश सेल्सिअसला थंड केलेला, त्यात १२ ते १८ इंच खोली. ठोकळ्यापुढे जाड कापडापासून प्लायवूड आणि काचेपर्यंत वेगवेगळे अडथळे ठेवून चाचणी घेतात. त्या मोजपट्टीवर छोट्या कॅलिबरचा अडचणीचा मुद्दा उघड होतो. पोकळ टोकाची गोळी फुलली की रुंद होते आणि लवकर थांबते. .३२ मध्ये मुळातच ऊर्जा कमी, त्यामुळे फुलली तर खोली कमी पडते, आणि कपड्याने टोक बुजलं तर फुलतच नाही, साध्या गोळीसारखी जाते. म्हणून पोकळ टोकाची काडतुसं मिळत नाहीत याची हळहळ करण्यात अर्थ नाही. या कॅलिबरला पूर्ण कवचाची किंवा शिशाची गोल नाकाची गोळीच खात्रीची, ती एकसारखी जाते आणि पिस्तुलात अडकतही कमी.

सपाट टोकाची वॉडकटर ही वेगळी जात. गोळी पुंगळीच्या तोंडापर्यंत दाबून बसवलेली असते आणि कागदात पंचाने पाडल्यासारखं स्वच्छ भोक पाडते. आंतरराष्ट्रीय २५ मीटर सेंटर-फायर (टोपी बुडाच्या मधोमध असलेल्या काडतुसांच्या) स्पर्धेत .३२ लाँगची वॉडकटर नेमबाजांच्या आवडीची आहे, कारण धक्का मऊ आणि गट घट्ट. शंभर वर्षांहून जुनं काडतूस आजही स्पर्धेत टिकून आहे ते या अचूकतेवर, ताकदीवर नव्हे.

रिव्हॉल्वर की पिस्तूल

कॅलिबर निवडणं म्हणजे इथे खरं तर यंत्र निवडणं आहे.

कानपूरच्या सरकारी कारखान्याचं ‘निर्भीक’ २०१४ मध्ये आलं, वजन सुमारे ५०० ग्रॅम, सहा गोळ्या. त्याची रचना वरून मोडणारी: नळी खाली झुकवली की रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर येतात. ऑगस्ट २०२३ मधलं ‘प्रबल’ याहून जड आहे, त्याची चक्री बाजूला उघडते आणि चाप ओढायला सुटसुटीत आहे. .३२ चं पिस्तूल म्हणून सरकारी कारखान्याचं ‘अशनी’. ‘निडर’ हे .२२ चं छोटं रिव्हॉल्वर. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या. त्यामुळे जुन्या आणि नव्या मालावरचे शिक्के वेगळे दिसतात, त्यात संशयास्पद काही नाही. ‘केएफ’ शिक्क्याची काडतुसं पुण्याच्या खडकीची.

हलकं शस्त्र बाळगायला सोपं, झाडायला अवघड. एकच गोळी ५०० ग्रॅमच्या शस्त्रातून आणि ७०० ग्रॅमच्या शस्त्रातून झाडली तर हलक्याचा झटका स्पष्ट जास्त जाणवतो. पण .३२ चा धक्का एकूणच लहान असल्याने बहुतेकांचा नेम धक्क्याने चुकत नाही, चापाने चुकतो. रिव्हॉल्वरचा घोडा न चढवता नुसता चाप ओढायचा झाला की बोटाला बराच जोर लावावा लागतो आणि नळी खाली-डावीकडे सरकते (डावखुऱ्यांची उजवीकडे). हे दुकानातच तपासता येतं:

१. विक्रेत्याची परवानगी घ्या, शस्त्र रिकामं आहे हे दोघांनीही डोळ्यांनी आणि बोटाने पाहा.
२. सुरक्षित भिंतीकडे नळी ठेवून दोन्ही हातांनी धरा. तर्जनीचं पहिलं पेर चापावर आरामात पोचतंय का? पोचायला पंजा फिरवावा लागत असेल तर ते शस्त्र तुमच्या हाताचं नाही.
३. घोडा न चढवता सलग दहा वेळा चाप ओढा. सातव्या-आठव्या वेळी बोट थरथरायला लागलं तर दुसरं बघा. सेंटर-फायर शस्त्रात नकली काडतूस घालून हे करावं. .२२ मध्ये मात्र रिकामा चाप ओढू नये, पिन चक्रीच्या कडेवर आपटून दोन्ही खराब होतात.
४. पिस्तूल असेल तर स्लाइड (वरचा सरकता भाग) पूर्ण मागे ओढून बघा, ओल्या हातानेही. ज्येष्ठांना किंवा सांधेदुखी असलेल्यांना हीच पायरी अडते, आणि मग रिव्हॉल्वर आपोआप ठरतं.

काडतूस फुटलं नाही तर रिव्हॉल्वरमध्ये पुन्हा चाप ओढला की पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तुलात हाताने काढावं लागतं. याउलट पिस्तूल चपटं, मॅगझिन बदलणं झटपट. ज्याचा वर्षाचा सराव शंभर गोळ्यांच्या आत राहणार आहे त्याने रिव्हॉल्वर घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

.३२ एसीपीचा एक खास आजार आहे, त्याला रिमलॉक म्हणतात. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिममागे अडकली की स्लाइड कितीही ओढा, काडतूस पुढे सरकत नाही. मॅगझिन भरताना प्रत्येक काडतुसाची रिम खालच्याच्या पुढे राहील असं मागून सरकवत बसवावं. अडकलंच तर मॅगझिन काढून रिकामं करून पुन्हा भरावं, ठोकून सुटत नाही.

गोळीच्या पुढे काय आहे

शहरात हा प्रश्न कॅलिबरपेक्षा मोठा आहे. घोडबंदर रोड, माजिवडा, खारघर इथल्या नव्या टॉवरांमध्ये ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात. त्या बत्तीसची गोळी थांबवतात, पण तिरक्या कोनात लागलेली गोळी भिंतीला घासत पुढे सरकते, आणि कवचाचे तुकडे उडतात. नौपाडा-चरईतल्या जुन्या घरांत विटांच्या भिंती, त्या बऱ्या. ऑफिसातलं जिप्समचं पार्टिशन, फ्लश डोअर, बाल्कनीची सरकती काच यांना मात्र आडोसा समजू नये. यातून .३२ पार होतं आणि पलीकडे माणूस असतो.

घराचा नकाशा एका कागदावर काढा. ज्या ज्या ठिकाणी तुम्ही उभे राहू शकता तिथून रेषा ओढा आणि प्रत्येक रेषेच्या शेवटी काय आहे ते लिहा. बहुतेक सोसायट्यांत मुख्य दाराच्या नेमकं समोर शेजाऱ्याचं दार असतं, म्हणजे सर्वात संभाव्य दिशा हीच सर्वात वाईट. मुलांच्या खोलीकडे, गॅसच्या पाइपकडे, लिफ्टच्या लॉबीकडे जाणाऱ्या रेषांवर काट मारा. काट मारल्यावर उरलेली जागा फार थोडी असते, आणि ते आधीच कळलेलं बरं. दार बंद करून ११२ ला फोन करणं हे बहुतेक घरांत पहिलं पाऊल ठरतं. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आणि त्याची मर्यादा धोक्याइतकीच आहे. पळणाऱ्यावर झाडलेली गोळी त्यात बसवणं कठीण.

हवेत गोळी तर कधीच नाही. .२२ ची गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते आणि खाली कुणाच्या तरी डोक्यावर येते. हळदीत-वरातीत झाडणाऱ्याला शस्त्र कायद्याच्या कलम २५(९) खाली २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

रेंजवरची चाचणी

घेतलेलं शस्त्र आणि घेतलेलं काडतूस एकत्र चालतात का हे झाडल्याशिवाय कळत नाही. सराव मान्यताप्राप्त रेंजवरच करावा. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुण्यात बालेवाडीची.

पहिल्या खेपेला ३० गोळ्या पुरतात. ७ मीटरवर २० सेंटिमीटर व्यासाचा गोल, सावकाश पाच गोळ्या, घोडा चढवून. मग पाच नुसत्या चापाने. दोन्ही गटांतला फरक म्हणजे तुमच्या बोटाचा दोष, शस्त्राचा नव्हे. दहाच्या दहा गोलात येईपर्यंत अंतर वाढवू नये. उरलेल्या वीस यंत्राच्या विश्वासासाठी: किती फुटल्या नाहीत, पुंगळी किती वेळा अडकली, टोपीवरचा ठसा खोल आणि मध्यभागी आहे का. ठसा पुसट असेल तर स्प्रिंग कमजोर. ठसा बाजूला असेल तर रिव्हॉल्वरची चक्री नळीशी जुळत नाही, ते झाडणं थांबवून कारागिराकडे न्यावं.

चाप ओढला आणि आवाज झाला नाही, तर नळी टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद थांबा. कधीकधी टोपी उशिरा पेटते. नेहमीपेक्षा मऊ, ‘फुस्स’ आवाज आला तर लगेच थांबा: दारू कमी जळून गोळी नळीतच अडकलेली असू शकते. त्यावर दुसरी झाडली तर नळी फुगते किंवा फाटते. शस्त्र रिकामं करून नळीतून आरपार उजेड दिसतो का बघावं.

शिशाच्या गोळ्यांनी नळीत शिसं साचतं, ते ब्राँझच्या ब्रशने काढावं. हात साबणाने आणि थंड पाण्याने धुवावेत, आणि त्याआधी वडापावला हात लावू नये.

पावसाळा, खाडी आणि काडतुसं

जून ते सप्टेंबर इथली हवा शस्त्राची शत्रू आहे, खाडीकाठच्या घरांत तर वर्षभर. शस्त्र चामड्याच्या होल्स्टरमध्ये साठवू नये. चामडं ओल धरतं, आणि कमावताना वापरलेली रसायनं धातू खातात. होल्स्टर बाळगण्यापुरतं. घरी तेलाचा पातळ हात देऊन, कापडात, कुलूपबंद तिजोरीत, सिलिका जेलच्या पाकिटांसह. पाकिटांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येतात. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा बघावं.

काडतुसांना तेल अजिबात लावू नये. आत झिरपणारं तेल टोपीतला मसाला निकामी करतं, आणि बाहेरून सगळं चकाचक दिसतं. ती वेगळ्या कुलपात, मूळ डब्यात, डब्यावर खरेदीची तारीख लिहून ठेवा. जुनी आधी सरावाला. पितळेवर हिरवट थर असेल तर कोरड्या कापडाने पुसून बघा. पुसल्यावर खड्डे दिसले तर ते काडतूस बाद.

पिस्तूलवाल्यांनी आणखी एक बघायचं. तेच वरचं काडतूस रोज नळीत चढवून रोज काढलं की गोळी पुंगळीत थोडी थोडी आत दबते. आतली जागा कमी होते, दाब झपाट्याने वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभं करून उंची ताडून बघा. डोळ्यांना फरक दिसला तर झाडू नये.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करण्याची नोटीस अनेकांना येते. जमा करण्याआधी साफ करून नेहमीपेक्षा जाड तेल द्या, कारण ते काही आठवडे कुणाच्याही नजरेविना पडून राहणार आहे. पावतीवर शस्त्राचा क्रमांक, आणि काडतुसं दिली असतील तर त्यांची संख्या लिहून घ्या. परत घेताना नळीतून उजेड पाहूनच सही करा.

बाद झालेली काडतुसं खाडीत टाकू नयेत, भंगारवाल्याला देऊ नयेत, कपाटाच्या तळाशीही साठवू नयेत. ती तुमच्या मर्यादेतच मोजली जातात. परवाना सोबत घेऊन पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावीत आणि लेखी पोच घ्यावी. प्रवासाची बॅग भरण्याआधी तिचे सगळे कप्पे उलटे करून झटकावेत, कारण विमानतळाच्या एक्स-रेत सापडलेलं एकच विसरलेलं काडतूस गुन्हा दाखल व्हायला पुरतं.